पाचवे दान : धाराशिवची लेकरे आणि आपण

धाराशिव जिल्ह्याशी जैन समाजाचे नाते फार जुने आहे. या जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेली मोठी बाजारपेठ म्हणून 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तिचा उल्लेख येतो. तेथील कापड भडोच बंदरापर्यंत जात असे. धाराशिवच्या लेण्यांतील भगवान पार्श्वनाथांची मूर्ती आपल्या परिचयाची आहे आणि मुनी कनकामरांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात याच परिसरातील लेण्यांची कथा आली आहे. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण आणि देशभूषण मुनींचे सिद्धक्षेत्र होय. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये तेथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. व्यापार आणि वैराग्य या दोन्ही वाटांनी आपला समाज या भूमीत आला आणि रुजला.

या भूमीची दुसरीही एक ओळख आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांची निवड करून त्यांना 'आकांक्षित जिल्हे' असे नाव दिले. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तेव्हाचे उस्मानाबाद असे चार जिल्हे निवडले गेले. त्यांच्या प्रगतीचे मोजमाप करताना आरोग्य आणि पोषण यांना शंभरापैकी ३० गुण ठेवण्यात आले. जन्मतः वजन किती, वयाच्या मानाने उंची किती, गर्भवतीची तपासणी झाली की नाही, असे प्रश्न त्या मोजमापात आहेत. म्हणजे जिल्हा पुढे की मागे, हे लहान लेकराच्या अंगापिंडावरूनही ठरते.

आपण दिवाळीला वहीपूजन करतो, भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवतो. त्याच सुमारास भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडणीची कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, सरपण, अंथरुणे, एखादी शेळी आणि या साऱ्यावर बसलेली लेकरे. कोणी पश्चिम महाराष्ट्राकडे जाते, कोणी कर्नाटकाकडे. उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडाजवळची कोपी हेच त्यांचे घर असते. कुंथलगिरीच्या दर्शनाला जाताना अशी ट्रॉली आपल्या गाडीपुढे अनेकदा येते आणि ती ओलांडून आपण पुढे जातो.

त्या ट्रॉलीवरील दोन वर्षांच्या लेकराचे पुढे काय होणार, हे कशावरून ठरते? ज्या घरात ते जन्मले त्यावरून, असे उत्तर आपण सहज देतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण त्याच परिस्थितीतील एखादे मूल तरते आणि दुसरे कोमेजते. या फरकामागील कारणे गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर अभ्यासली गेली आहेत, आणि ती आपल्या धर्मविचारापासून फार दूर नाहीत.

चार दाने आणि पाच गरजा

श्रावकाने द्यावयाची चार दाने आपल्याकडे लहानपणापासून सांगितली जातात : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी मिळून बालसंगोपनाचा एक आराखडा प्रसिद्ध केला. लहान मुलाच्या निकोप वाढीसाठी आवश्यक अशा पाच गोष्टी त्यात सांगितल्या आहेत : पुरेसा आहार, चांगले आरोग्य, लहान वयातच मिळणारे शिकण्याचे अनुभव, सुरक्षितता आणि मुलाच्या हाकेला, हसण्याला, रडण्याला प्रतिसाद देणारा सांभाळ.

पहिल्या चार गरजा आपल्या चार दानांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. पाचवी मात्र वेगळी दिसते. तिला पैसा लागतो, पण ती पैशाने विकत आणता येत नाही. धाराशिवसारख्या जिल्ह्यात नेमकी तीच सर्वांत दुर्मीळ आहे आणि ती नसली की इतर चारही दाने अर्ध्या वाटेवर थांबतात. म्हणून चौघींचा विचार आधी करून मग या पाचवीकडे यावे लागेल.

आहार : धान्य पिकते तेथे भूक

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे एक हजार दिवस हा शरीराच्या आणि मेंदूच्या घडणीचा काळ असतो. या काळात जे कमी पडते ते पुढे भरून काढणे फार कठीण जाते. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात एक दीर्घ प्रयोग झाला. दोन खेड्यांतील बालकांना प्रथिनयुक्त पेज देण्यात आली आणि दोन खेड्यांत साखरेचे पेय. ती मुले मोठी झाल्यावर संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले. पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई इतरांपेक्षा ४६ टक्क्यांनी अधिक आढळली. ज्यांना ती तीन वर्षांच्या वयानंतर मिळाली, त्यांच्यात असा फरक दिसला नाही. एकच वाटी, पण वेळेवर मिळाली की नाही यावर आयुष्यभराचा हिशेब बदलला.

महाराष्ट्राचे चित्र काय आहे? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. २५.६ टक्के बालकांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. देशपातळीवर सहा ते तेवीस महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ११.३ टक्के बालकांना पुरेसा आणि पुरेसा विविध आहार मिळत होता.

धाराशिव हा ज्वारी, तूर, हरभरा, करडई यांचा जिल्हा. घरच्या रानात जे पिके तेच घरात शिजत असे. गेल्या काही दशकांत सोयाबीनने खरिपाचा मोठा हिस्सा व्यापला. सोयाबीन चुलीवर जात नाही, ते मोंढ्यात येते. त्याचे पैसे होतात आणि त्या पैशातून डाळ विकत घ्यावी की उधारी फेडावी, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो. दुधाचीही तीच गत. भूम-वाशी पट्ट्यातील खवा आणि कुंथलगिरीचा पेढा प्रसिद्ध आहे. पण दूध भट्टीवर किंवा डेअरीवर गेले की घरातील लेकराच्या वाट्याला पुष्कळदा चहात बुडवलेले बिस्कीट येते.

या चक्रातून वाट काढण्याचे प्रयत्न याच मातीत झाले आहेत. १९९३ च्या भूकंपानंतर या भागात काम सुरू केलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने स्त्रियांना 'एक एकर शेती'ची वाट दाखवली. घरच्या जमिनीतील एक एकर बाईच्या हाती द्यायचा आणि त्यात काय लावायचे ते तिने ठरवायचे. तिने भाजीपाला, डाळी, तृणधान्ये लावली, प्रथम घरासाठी आणि उरले तर बाजारासाठी. दुष्काळातही चुलीवर भाजी राहिली. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. पीक कोणते घ्यायचे याचा निर्णय आईकडे आला की ताटात फरक पडतो, हा यातील धडा आहे.

आपल्या शाकाहारी परंपरेत बालकाच्या वाढीसाठी लागणारे बहुतेक सारे आहे. मऊ वरणभात आणि त्यावर तुपाची धार, मुगाची खिचडी, दही, शेंगदाण्याचे आणि तिळाचे कूट, राजगिरा, नाचणीचे सत्त्व, शेवग्याचा पाला. आपल्या किराणा दुकानांत या वस्तू असतातच. परंतु दुकानाच्या दारात माळा करून लावलेली असतात ती पाच-दहा रुपयांची खारट-तळलेली पाकिटे. मजुरीवरून परतलेली आई रडणाऱ्या लेकराच्या हाती तेच पाकीट देते, कारण ते लगेच मिळते आणि लेकरू गप्प होते. विक्री तर होणारच. पण समोर काय मांडावे आणि मागे काय ठेवावे, हे ठरवणारे आपणच आहोत.

औषध : दारापर्यंत आलेली बाई

दुसरे दान औषधाचे. बालमृत्यूंतील सर्वांत मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्याचा असतो. खेड्यातील घरात तेव्हा काय करावे, याचे उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीत गावातील स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला होता. पुढे हीच पद्धत देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. आज दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताईने ४२ दिवसांत सहा वेळा घरी येऊन बाळाला पाहावे, असा नियम आहे.

धाराशिव जिल्ह्यातही असे काम उभे राहिले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या 'हॅलो मेडिकल फाउंडेशन'ने गावोगावच्या, फारसे शिक्षण न झालेल्या स्त्रियांमधून 'भारतवैद्य' घडवल्या. ताप, जुलाब, गर्भवतीची काळजी, बाळाचे वजन यांकडे लक्ष ठेवणारी ही बाई गावचीच असल्याने घराघरांत तिला थारा मिळाला. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून ग्रामीण स्त्रियांनाच आरोग्याच्या कामात पुढे आणले होते. या साऱ्यांचे सूत्र एकच होते : उपचाराइतकेच महत्त्व वेळेवर डोकावणाऱ्या माणसाला आहे.

जुलाबाचे उदाहरण घ्या. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या गावांत तो लहान मुलांच्या पाचवीला पुजलेला असतो. त्यावर क्षार-साखरेचे पाणी आणि चौदा दिवस जस्ताची गोळी हा साधा, स्वस्त उपाय आहे. ही पुडी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. पण ते पाणी घोट घोट, थोड्या थोड्या वेळाने, कोणीतरी जवळ बसून पाजावे लागते. औषधदान येथे पुडी देऊन संपत नाही.

ज्ञान : पाटीच्या आधीचे शिक्षण

ज्ञानदान म्हटले की आपल्या मनात शाळा, वह्या-पुस्तके, शिष्यवृत्त्या येतात. पण बालकाचे शिकणे पाटी हाती येण्याच्या फार आधी सुरू होते. आई बोलते, बाळ हुंकार देते, आई पुन्हा बोलते, या देवाणघेवाणीत भाषा आणि विचार यांचा पाया घातला जातो. हे ओळखणारी थोर माणसे आपल्याच भागात झाली. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार 'अंगणवाडी' या शब्दात सामावला आहे. १९७५ च्या गांधी जयंतीला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला.

या खेळातल्या शिक्षणाचे मोल किती? वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील १२९ बालकांवर एक अभ्यास सुरू झाला. नऊ ते चोवीस महिन्यांच्या या मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. काहींना दर आठवड्याला दुधाचा पूरक आहार दिला गेला. काहींच्या घरी दर आठवड्याला एक आरोग्य सेविका तासभर जाई, टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी नेई आणि मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवी. काहींना दोन्ही मिळाले. दोन वर्षांनी प्रयोग संपला. वीस वर्षांनंतर, ज्यांच्या घरी ती सेविका जात असे त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसले. केवळ पूरक आहार मिळालेल्यांत असा दीर्घकालीन लाभ आढळला नाही. याचा अर्थ आहार अनावश्यक, असा मुळीच नाही. अन्नाने शरीर तगते, पण त्या शरीरातील बुद्धीला जाग आणायला दुसरे माणूस लागते, एवढाच त्याचा अर्थ.

अभय : भूकंप आणि कोयता

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने शांतिलालजी मुथ्था यांच्या पुढाकाराने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणले आणि त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातूनच उभे राहिले. समाजाने दिलेल्या अभयदानाचे हे उदाहरण आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच.

भूकंप एका रात्रीत आला, म्हणून तो सर्वांना दिसला. ऊसतोडीचे स्थलांतर दरवर्षी येते, म्हणून ते दिसेनासे झाले आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात आणि उचल त्या जोडीवर दिली जाते. आई मागे राहिली तर कोयता अर्धा होतो. म्हणून आई जाते आणि तिच्याबरोबर अंगावरचे लेकरूही जाते. पहाटे अंधारात तोड सुरू होते. लेकरू पाचटावर, झाडाच्या सावलीला किंवा पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. गावच्या अंगणवाडीत त्याचे नाव असते पण ते नसते, आणि फडावर ते असते पण त्याचे नाव कुठल्याच वहीत नसते. शासनाने स्थलांतरित मातांची आणि बालकांची नोंद ठेवणारी संगणकीय प्रणाली सुरू केली आहे. पण नोंद शिध्यात आणि लसीत उतरायची तर दोन्ही टोकांना कोणीतरी लक्ष घालावे लागते.

यातूनच दुसरे भय जन्मते. वयात आलेली मुलगी गावी एकटी कशी ठेवावी, या चिंतेने तिचे लग्न लवकर उरकले जाते आणि एक नवा कोयताही तयार होतो. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे त्याच सर्वेक्षणात दिसते, आणि मराठवाड्यातील अनेक जिल्हे या सरासरीच्या बरेच वर आहेत. जिची स्वतःची वाढ पुरी झालेली नाही, तिच्या पोटी कमी वजनाचे मूल येण्याचा धोका अधिक असतो. आईच्या भयाची किंमत अशी पुढच्या पिढीच्या वजनकाट्यावर दिसते.

पाचवे : सोबत

आता त्या पाचव्या गोष्टीकडे येऊ. तेर हे संत गोरा कुंभारांचेही गाव. त्यांची कथा मराठी घरात कोणाला ठाऊक नाही? पत्नी पाण्याला गेलेली, गोरोबा नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडवीत असलेले, आणि रांगत आलेले लेकरू पायाखाली. भक्तीची ही कथा पुढे चमत्काराने सुखान्त होते. पण तिचा आरंभ आजही असंख्य घरांचा दिनक्रम आहे. आई पाण्याला गेलेली, बाप कामात बुडालेला, आणि रांगत्या मुलावर नजर ठेवायला तिसरे कोणी नाही.

वर पाहिलेल्या चारही दानांत हीच उणीव आडवी येते. दीड वर्षाच्या मुलाचे पोट लहान असते. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरवावे लागते. आठ-दहा तास रानात असलेली आई ते कसे करणार? घरात डाळ आहे, पण भरवणारा हात नाही. पुडी आहे, पण घोट घोट पाजायला कोणी बसलेले नाही. खेळणे आहे, पण खेळणारे माणूस नाही. आईला माया कमी आहे असे नव्हे. तिचा वेळ मजुरीने, पाण्याने आणि सरपणाने आधीच खाऊन टाकलेला असतो.

शास्त्रात नवे दान घालण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि त्याची गरजही नाही. बालकाला अभय वाटते ते ओळखीचा चेहरा जवळ असतो म्हणून. तेव्हा ही सोबत अभयदानाच्याच पोटात आहे. फक्त ती ओळखून वेगळी मोजायला हवी, कारण ती देणे आपल्या हाती आहे. आपण व्यापारी आहोत, मालक आहोत. डाळ मिल, तेल गिरणी, गोदाम, धान्य निवडण्याचे काम, इमारतीचे बांधकाम, या सर्व ठिकाणी आपल्याकडे स्त्रिया मजुरी करतात. त्यांचा दिवस किती वाजता सुरू व्हावा, मधली सुटी किती असावी, लेकरू कोठे ठेवावे, हे आपण ठरवतो.

कायद्याने या दिशेने थोडी वाट काढली आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा आली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक झाले. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली तरी त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला मजुरीवर नेमण्याची तरतूद होती. पण आपल्या मोंढ्यातील गोदामात पन्नास माणसे नसतात, दहा-बारा असतात, आणि त्यांतील बऱ्याच रोजंदारीवर. कायद्याचा हात तेथे पोहोचत नाही. धर्माचा पोहोचू शकतो.

दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी एका बांधकामाच्या जागी मजूर स्त्रियांची मुले धुळीत पडलेली पाहिली आणि तेथेच 'मोबाइल क्रेशेस' हे फिरते पाळणाघर सुरू केले. पुढे ते काम मुंबई-पुण्यातही पोहोचले. त्याला लागते काय? सावलीची एक खोली, स्वच्छ पाणी, दोन-चार झोळ्या, थोडी खेळणी, दुपारची खिचडी आणि मायेची एक बाई, जिला वेळेवर पगार मिळतो. मोंढ्यातील चार-पाच दुकानदारांनी मिळून असे एक पाळणाघर चालवले तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च फार मोठा नाही. आई दुपारी येऊन लेकराला पाजून-भरवून जाईल, आणि सुटी झाल्यावर तिच्या कडेवर येणारे मूल भुकेलेले नसेल.

आपल्या घरातही

हा विचार केवळ मजुरांच्या मुलांपुरता नाही. रक्तक्षय गरिबीतच असतो असे नाही. देशातील सर्वांत संपन्न गटातील सुमारे निम्म्या स्त्रियांमध्येही तो आढळतो. सर्वांना वाढून शेवटी जेवणारी सून, गरोदरपणातही न मोडलेले उपवास, मुलगी झाली म्हणून लगेच अपेक्षिलेले दुसरे बाळंतपण, या गोष्टी आपल्याही घरांत आहेत. तप आपल्या शक्तीनुसार करावे, अशीच शास्त्राची शिकवण आहे. गरोदर आणि स्तनदा मातेने या बाबतीत गुरूंचा आणि डॉक्टरांचा, दोघांचाही सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

सोबतीची उणीव तर आपल्याकडे वेगळ्या रूपाने आली आहे. दुकान सकाळी नऊला उघडते, रात्री नऊला बंद होते आणि मधल्या काळात लेकराला मोबाइल सांभाळतो. एक वर्षाखालील बालकाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून तासाभरापेक्षा अधिक दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. फडावरच्या आईला वेळ नाही. आपल्याकडे तो आहे, पण दुसरीकडे खर्च होतो.

पांजरापोळीची शिस्त

मराठवाड्यात पूर्वी एक आशादायक प्रयोग झाला होता. औरंगाबाद महसूल विभागात, ज्यात धाराशिवही येते, कुपोषणाविरुद्ध विभागीय पातळीवर मोहीम हाती घेतली गेली. २००५ मध्ये तिच्यातूनच राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन आकाराला आले. राज्यातील दोन वर्षांखालील बालकांत वाढ खुंटण्याचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होते, ते २०१२ च्या सर्वेक्षणात सुमारे २३ टक्क्यांवर आलेले दिसले. नंतरच्या सर्वेक्षणांचे आकडे मात्र इतके समाधान देत नाहीत. सुधारणा होऊ शकते, पण रोज राखली नाही तर ती टिकत नाही.

रोज राखणे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. पांजरापोळीत चारा सणासुदीलाच टाकला जात नाही. पाऊस असो, दुष्काळ असो, बाजारात तेजी असो की मंदी, मुक्या जनावरापुढे पेंढी पडते. भोजनशाळा, धर्मशाळा, पाणपोई यांची हीच रीत आहे. हिशेबनीस, विश्वस्त, पाळीने येणारे कार्यकर्ते अशी व्यवस्था आपण पिढ्यान्पिढ्या चालवली आहे. लहान लेकराची गरजही अशीच रोजची असते. बालदिनी बिस्किटांचे पुडे आणि पर्युषणात वह्यांचे वाटप यांनी ती भागत नाही. पांजरापोळीची हीच शिस्त मोंढ्याच्या पाळणाघराला, गावच्या अंगणवाडीला आणि साखर कारखान्याजवळच्या कोप्यांना लावता येईल.

ज्या गावात आपले दुकान आहे त्या गावच्या अंगणवाडीत वजनकाटा नीट चालतो का, तेथे खेळणी आहेत का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मोठी मुले हंगामी वसतिगृहात राहतात, तेथे डाळ-तूप कमी पडते का, हे विचारता येते. साखर पट्ट्यातील आपले नातेवाईक आणि तेथील संघ फडावरच्या लेकरांसाठी एक खोली आणि एक बाई उभी करू शकतात. धाराशिवच्या संघाने निघणाऱ्यांची यादी द्यावी, तिकडच्या संघाने त्यांना हाक द्यावी. दोन गावांच्या व्यापाऱ्यांत हुंडी चालत असे ती विश्वासावर. ही यादीही तशीच चालेल.

येत्या दिवाळीत वहीपूजन होईल, पहिल्या पानावर श्रीकार लिहिला जाईल. संघाच्या नव्या वहीत आहार, औषध, ज्ञान, जीवदया यांची खाती असतीलच. त्यांच्या खाली आणखी एक खाते उघडावे, 'बालसंगोपन', आणि त्यातील पहिला खर्च एखाद्या पाळणाघरातील बाईच्या कार्तिक महिन्याच्या पगाराचा असावा. ट्रॉल्या त्याच महिन्यात निघतात.